घरच्या घरी एपिलेटर: केस तुटू न देता मुळासकट कसा काढावा

एपिलेटर विकत घेतला, एकदा पायावर फिरवून पाहिला आणि फार दुखले म्हणून कपाटात ठेवून दिला, असे सांगणाऱ्या पुष्कळ जणी भेटतात. त्यांच्याशी थोडे सविस्तर बोलले की बहुतेक वेळा लक्षात येते की यंत्रात काहीही दोष नव्हता. केस गरजेपेक्षा लांब होते, हात भराभर फिरवला गेला होता, किंवा त्वचा ताणून धरलेली नव्हती. एपिलेटर हे हाताच्या सवयीने वश होणारे यंत्र आहे आणि ती सवय लावून घेता येते, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच यंत्राची निवड कशी करावी याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, ते धरावे कसे आणि दोन वापरांच्या मधल्या दिवसांत त्वचेची निगा कशी राखावी यावर मी येथे भर देणार आहे.

यंत्र नेमके काय करते

एपिलेटरच्या फिरत्या हेडवर बारीक चिमट्यांच्या जोड्या बसवलेल्या असतात. हेड फिरत असताना हे चिमटे सतत उघडतात आणि मिटतात, मिटताना त्यांच्या पकडीत आलेला केस धरतात आणि पुढच्याच क्षणी मुळासकट उपटून काढतात. रेझर केस त्वचेच्या पातळीवर कापतो आणि केस काढण्याचे क्रीम केसातील केराटिन विरघळवून त्याला त्वचेलगत तोडते. दोन्हींमध्ये मूळ जागेवरच राहत असल्याने काही दिवसांतच हाताला खुंट टोचू लागतात. वॅक्सिंगमध्ये केस मुळापासून निघतो खरा, पण वॅक्सला नीट पकड मिळण्यासाठी केस साधारण अर्धा सेंटीमीटर तरी वाढलेला असावा लागतो. एपिलेटरला 2 ते 3 मिलीमीटरचा केस पुरतो, आणि काही यंत्रे याहूनही आखूड केस धरू शकतात. नको असलेले केस अंगावर वाढू देत दिवस काढावे लागत नाहीत, हा या यंत्राचा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो.

या यंत्राचा सगळा जीव त्याच्या पकडीत आहे. 1986 मध्ये इस्राएलमध्ये तयार होऊन बाजारात आलेल्या ‘एपिलेडी’ या यंत्रात चिमटे नव्हतेच. त्यात कमानीसारखी वाकवलेली एक स्प्रिंग वेगाने फिरत असे आणि तिच्या वेटोळ्यांच्या फटींत अडकलेले केस उपटले जात. पुढे ‘रेमिंग्टन’ कंपनीने स्प्रिंगऐवजी खाचा पाडलेली रबराची नळी वापरून यंत्र काढले, तेव्हा ही नक्कल आहे की नाही यावर युरोपात खटले उभे राहिले आणि इंग्लंडच्या न्यायालयाने एक, तर जर्मनीच्या न्यायालयाने नेमका उलट निकाल दिला. केस धरण्याची एवढीशी फट वकिलांना आणि न्यायाधीशांना किती गुंतवून ठेवू शकते, हे त्यातून दिसते. आजची चिमट्यांची हेड त्या स्प्रिंगपेक्षा केस अधिक नेमका धरतात.

यंत्र वापरण्यापूर्वी केसांच्या वाढीचे चक्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण ते ठाऊक नसल्यामुळेच पहिल्या वापरानंतर निराशा पदरी येते. प्रत्येक केस आधी वाढतो, मग त्याची वाढ थांबते, नंतर काही काळ तो विश्रांतीत राहतो आणि शेवटी गळून त्याच्या जागी नवा केस उगवतो. शरीरावरचे सगळे केस एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात. त्यामुळे आज पाय अगदी स्वच्छ केला तरी त्वचेखाली असलेले अनेक केस आठ-दहा दिवसांत वर येतात. आपण काढलेले केस इतक्या लवकर परत आलेले नसतात. हे दुसरेच केस असतात, जे आज यंत्राच्या हाती लागण्यासारखे नव्हते. म्हणून पहिल्या वापरानंतर एक ते दोन आठवड्यांनी दुसऱ्यांदा यंत्र फिरवावे. दोन-तीन वेळा असे केल्यावर बहुतेक जणींना तीन ते चार आठवड्यांचे अंतर पुरते, आणि दर वेळी काढायचे केस कमी असल्यामुळे वेळ आणि वेदना दोन्ही कमी होतात.

केस काढल्याने ते अधिक दाट आणि राठ उगवतात हा समज फार जुना आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ महिलेने 1928 मध्ये दाढी केल्याने केसांच्या वाढीत काही फरक पडतो का हे तपासले होते आणि तसा फरक त्यांना आढळला नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो राठ वाटतो, एवढेच. मुळासकट निघालेल्या केसाच्या जागी उगवणारा केस निमुळत्या टोकाचा असल्याने हाताला मऊ लागतो. मात्र एपिलेटरने केस कायमचे जातात असेही कोणी समजू नये. काही जणींचे केस वर्षानुवर्षांच्या वापराने विरळ होतात, पण त्याची हमी देता येत नाही.

आता ज्या कसोटीवर पुढचे सगळे तपासायचे ती सांगते. थोडा भाग झाल्यावर यंत्र बंद करावे आणि चिमट्यांत अडकलेले दोन-चार केस पांढऱ्या कागदावर झटकून उजेडात पाहावेत. केसाच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान, फिकट किंवा किंचित काळसर फुगीर गाठ दिसली, तर केस मुळासकट निघाला आहे. दोन्ही टोके साधी असतील तर तो मध्येच तुटला आहे. तुटलेला केस चार दिवसांत पुन्हा वर येतो आणि त्वचेत अडकण्याची शक्यताही त्याचीच अधिक असते. बहुतेक केसांना गाठ दिसेपर्यंत आपल्या पद्धतीत काहीतरी सुधारायचे राहिले आहे, असे समजावे.

कोणी थांबावे, कोणी आधी विचारावे

हा भाग वगळून कोणीही पुढे जाऊ नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्वचेवर जखम, उन्हाने आलेली आग, इसब, सोरायसिस, पुटकुळ्या किंवा कोणताही संसर्ग असेल, तर त्या भागावर एपिलेटर फिरवू नये. फुगलेल्या शिरा, चामखीळ आणि तीळ टाळावेत. तिळावरचा केस नकोसा वाटत असेल तर तो लहान कात्रीने वरच्या वर कापावा. मधुमेह असणाऱ्यांनी, रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी, रक्त लवकर न थांबण्याचा विकार असणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, कारण केस उपटताना प्रत्येक ठिकाणी अगदी सूक्ष्म का होईना, इजा होतच असते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील तर त्वचा नाजूक झालेली असते. अशा वेळी डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत कुठलाही केस उपटून काढू नये. चेहऱ्यावर रेटिनॉलसारखी मलमे लावणाऱ्यांनीही चेहऱ्यापुरती हीच खबरदारी घ्यावी.

लेझर उपचार सुरू करण्याचा विचार असेल, तर त्याआधी काही आठवडे एपिलेटर आणि वॅक्सिंग दोन्ही थांबवावे लागतात. केसाच्या मुळातील रंगद्रव्य लेझरचा प्रकाश शोषून घेते आणि त्या उष्णतेने मुळावर परिणाम होतो. मूळच उपटून टाकले असेल तर प्रकाशाला लक्ष्य उरत नाही. त्या काळात रेझर चालतो.

हनुवटी, गळा, छाती किंवा पोटावर अल्पावधीत राठ केस येऊ लागले असतील आणि त्यासोबत मासिक पाळी अनियमित झाली असेल, तर त्यामागे पीसीओएस या अंडाशयांच्या विकारासारखे संप्रेरकांशी संबंधित कारण असू शकते. एपिलेटर वरचा केस काढील, कारणावर त्याचा काही परिणाम होणार नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जाणे लांबणीवर टाकू नये.

यंत्र निवडताना

जाहिरातींत चिमट्यांची संख्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. संख्या जास्त असली की एका फेरीत अधिक केस निघतात आणि वेळ वाचतो हे खरे आहे. पण एकाच क्षणी अधिक केस उपटले जात असल्याने सुरुवातीला ती जाणीवही तीव्र असते. माझ्या मते संख्येपेक्षा आधी पाहावी ती हेडची रुंदी. रुंद हेड पायांसाठी उत्तम, कारण तो सपाट आणि मोठा भाग आहे. मात्र काखेच्या खोलगट भागात किंवा घोट्याच्या हाडाभोवती तेच हेड नीट टेकत नाही. फक्त पायांसाठी यंत्र हवे असेल तर रुंद हेड निःशंकपणे घ्यावे. सगळीकडे वापरायचे असेल तर मध्यम हेड आणि त्यासोबत नाजूक भागांसाठीचे अरुंद टोपण असलेले यंत्र अधिक उपयोगी पडते. हे टोपण काही चिमटे झाकून ठेवते, त्यामुळे एका वेळी थोडेच केस धरले जातात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे वीज. वायरवर चालणाऱ्या यंत्राची शक्ती शेवटपर्यंत सारखी राहते आणि बॅटरी खराब होण्याची चिंता नसते. पण ते पाण्याजवळ अजिबात नेता येत नाही आणि प्लगच्या आसपासच बसावे लागते. चार्जिंगचे यंत्र कुठेही नेता येते, आणि ते पाण्यात चालणारे असेल तर अंघोळ करतानाही वापरता येते. चार्जिंगचे यंत्र घेताना ते एका चार्जवर किती मिनिटे चालते हे अवश्य पाहावे. पहिल्या वेळी दोन्ही पायांना बराच वेळ लागतो, आणि बॅटरी उतरू लागली की हेड मंदावते व केस उपटण्याऐवजी तोडू लागते. पाण्यात चालणारी बरीच यंत्रे सुरक्षेसाठी चार्जिंगला लावलेली असताना सुरूच होत नाहीत. त्यामुळे मध्येच बॅटरी संपली तर एक पाय झालेला आणि एक राहिलेला अशी स्थिती होते.

दोन वेग असलेले यंत्र घ्यावे. मंद वेग सवय होईपर्यंत आणि नाजूक भागांसाठी, तर जलद वेग पायांवरच्या जाड केसांसाठी उपयोगी पडतो. यंत्रावर लहानसा दिवा असेल तर तो चैनीचा समजू नये. बारीक आणि फिकट केस तिरप्या प्रकाशातच दिसतात, आणि दिसले नाहीत की एकाच जागेवर आपण विनाकारण पुन्हा पुन्हा यंत्र फिरवत राहतो. हेड सहज निघणारे आणि धुता येणारे असावे. सोबत मिळणारी मसाजची चाके केस उपटले जात असतानाच आजूबाजूच्या त्वचेला स्पर्शाची दुसरी संवेदना देतात, आणि नवख्यांना त्याने थोडा दिलासा मिळतो. रेझरचे हेड, ट्रिमर, पायाच्या टाचा घासण्याचे हेड अशा इतर जोडण्यांपैकी ट्रिमर खरोखर कामाचा आहे, बाकीचे नसले तरी अडत नाही. यंत्र हातात धरून पाहण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये, कारण पोटरीच्या मागच्या बाजूला मनगट वळवून यंत्र फिरवताना त्याची पकड आणि वजन यांना फार महत्त्व येते.

आदल्या दिवशीची तयारी

केस 2 ते 5 मिलीमीटर लांब असावेत. त्याहून लांब केस चिमट्यांत गुंडाळले जातात, ओढले जातात आणि सर्वांत जास्त दुखतात ते हेच. पहिल्याच वेळी पाय लांब केसांनी भरलेला असेल तर रेझर किंवा ट्रिमरने केस काढून चार ते सहा दिवस थांबावे आणि ते योग्य लांबीचे झाले की मग एपिलेटर वापरावा. या एका उपायाने पहिला अनुभव पुष्कळच सुसह्य होतो, तरीही तो फारसा कोणी करत नाही याचे मला वाईट वाटते.

आदल्या दिवशी अंघोळीच्या वेळी मऊ लूफा किंवा सौम्य स्क्रबने त्वचा हलक्या हाताने घासावी, म्हणजे मृत त्वचेखाली दबलेले केस मोकळे होतात. ज्या दिवशी यंत्र वापरायचे त्याच दिवशी घासू नये. एकाच दिवशी दोन्ही केल्यास त्वचा चुरचुरते. वेळ संध्याकाळची निवडावी. केस निघाल्यावर येणारा लालसरपणा आणि बारीक उंचवटे बहुधा काही तासांत, उशिरात उशिरा दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरतात, आणि रात्रभराची विश्रांती त्वचेला मिळते. समारंभाच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा एपिलेटर हाती घेणे टाळावे. निदान दोन दिवस आधी तरी हे काम उरकावे. पाळीच्या आधीचे एक-दोन दिवस आणि पाळीचे सुरुवातीचे दिवस अनेकींना अधिक वेदना जाणवतात, तेही लक्षात घेऊन दिवस ठरवावा.

प्रत्यक्ष वापर

कोमट पाण्याने अंघोळ करून अंग पूर्ण कोरडे करावे. तेल, लोशन किंवा क्रीम अजिबात लावू नये, कारण निसरडा केस चिमट्यांतून सुटतो. घाम येत असेल तर अगदी थोडी साधी पावडर लावून पुसून घ्यावी. डोक्यावरचे केस घट्ट बांधावेत. ओढणी, गळ्यातील साखळी, झालरीचा टॉवेल असे यंत्रात अडकू शकणारे काही जवळ ठेवू नये. भरपूर उजेडाच्या जागी, पाठीला आधार घेऊन बसावे.

सुरुवात नडगीच्या बाहेरच्या बाजूने, मंद वेगावर करावी. यंत्र आधी सुरू करावे आणि मग त्वचेवर टेकवावे. त्वचेवर ठेवून सुरू केल्यास पहिला झटका नकोसा होतो. यंत्र त्वचेशी काटकोनात धरावे, म्हणजे चिमटे सरळ खाली पाहत असतील. ते पुढे किंवा मागे कलले की केस तिरपा ओढला जातो आणि तुटतो. दुसऱ्या हाताने त्वचा घट्ट ताणून धरावी आणि केसांच्या वाढीच्या उलट दिशेने, म्हणजे पायावर घोट्याकडून गुडघ्याकडे, यंत्र सावकाश सरकवावे. सावकाश याचा अर्थ खरोखर सावकाश: तळहाताच्या लांबीएवढे अंतर जायला पाच-सहा सेकंद तरी लागावेत. रेझरची सवय असलेला हात आपोआप भराभर फिरतो, आणि त्याला आवर घालणे हीच यातली खरी शिकण्याची गोष्ट आहे. यंत्र दाबू नये. दाबल्याने केस अधिक निघत नाहीत, उलट चिमटे त्वचेला ओरखडतात आणि हेडची गती मंदावते.

इथे थांबून मघाची गाठीची कसोटी लावून पाहावी. केस तुटत असतील तर आधी हाताची गती कमी करावी; तरीही तुटत असतील तर यंत्राचा कोन तपासावा, मग त्वचेचा ताण. एवढे करूनही केस तुटत राहिले तर बॅटरी उतरली आहे का किंवा चिमट्यांत जुने केस अडकले आहेत का ते पाहावे. एकाच जागेवरून दोन, फार तर तीन वेळा यंत्र न्यावे आणि तरी राहिलेले केस पुढच्या वेळेसाठी सोडून द्यावेत. पहिल्याच दिवशी दोन्ही पाय पूर्ण करण्याचा हट्ट नसावा. एका दिवशी गुडघ्याखालचा एक पाय झाला तरी पुरे, दुसरा दुसऱ्या दिवशी करता येतो.

गुडघ्यावर पाय वाकवला की त्वचा आपोआप ताणली जाते. गुडघ्याच्या मागे मात्र पाय सरळ करावा. घोट्याच्या हाडावर यंत्र अगदी हलके टेकवावे. मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा सैल असल्याने तिथे लहान लहान भाग ताणून घ्यावा लागतो. हातांवरचे केस तुलनेने विरळ आणि बारीक असतात, तिथे फारसे काही सांगण्याजोगे नाही.

काखेचे तसे नाही. तिथले केस जाड असतात, मुळे खोल असतात आणि केस एकाच दिशेने वाढत नाहीत. वरच्या भागातले वर, खालच्या भागातले खाली आणि मधले भोवऱ्यासारखे आडवे असतात. आरशासमोर उभे राहून, हात डोक्यामागे नेऊन काखेचा खोलगटपणा शक्य तितका सपाट करावा आणि दुसऱ्या हातातील यंत्र मंद वेगावर ठेवून आधी खालून वर, मग वरून खाली असे फिरवावे. दुसऱ्या हाताने त्वचा ताणता येत नसल्याने येथे घाई केल्यास त्वचा चिमटीत येऊन बारीक जखम होण्याची भीती असते. पायांवर दोन-तीन वेळा सराव झाल्याशिवाय काखेला हात घालू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही काखा वेगवेगळ्या दिवशी केल्या तरी चालते.

बिकिनी लाईनवर, म्हणजे जांघेच्या बाहेरच्या कडेवर, नाजूक भागाचे टोपण लावून आणि केस आधी ट्रिम करून एपिलेटर वापरता येतो. त्याच्या आत, योनीच्या ओठांवर किंवा आतल्या ओलसर त्वचेवर तो कदापि वापरू नये. चेहऱ्यासाठी लहान हेडचा स्वतंत्र एपिलेटर किंवा यंत्रासोबत आलेले चेहऱ्याचे टोपण वापरावे. ओठांवर जीभ आतून दाबून किंवा ओठ दातांवर ओढून त्वचा ताणावी. भुवया आणि पापण्यांजवळ यंत्र नेऊ नये; भुवयांसाठी साधा चिमटाच योग्य. गालावरची मऊ लव काढण्यासाठीही एपिलेटर वापरू नये असे मी सुचवीन, कारण तेवढ्या बारीक लवेसाठी चेहऱ्याच्या त्वचेला इतका त्रास देण्याची गरज नसते.

पाण्यात चालणारे यंत्र असेल तर कोमट पाण्यात, अंगावर साबणाचा किंवा शॉवर जेलचा भरपूर फेस करून वापरल्यास ते त्वचेवर सहज सरकते आणि अनेकींना वेदना कमी वाटतात. फेसामुळे केस नीट दिसत नाहीत ही त्यातली उणीव. म्हणून पद्धत कोरड्या त्वचेवर शिकावी आणि हात बसल्यावर पाण्यात वापरावी, असा क्रम मला योग्य वाटतो.

वेदना कमी करण्यासाठी बधिरता आणणारी मलमे सुचवली जातात. लिडोकेनयुक्त मलम संपूर्ण पायासारख्या मोठ्या भागावर, त्यातही वरून प्लास्टिक गुंडाळून लावणे धोकादायक आहे. ते औषध रक्तात जाऊन हृदयाच्या ठोक्यांवर आणि मेंदूवर परिणाम करू शकते. त्याऐवजी भाग लहान घ्यावा, मध्ये मध्ये थांबावे, श्वास रोखून धरू नये आणि केस निघालेल्या जागेवर मोकळ्या हाताने लगेच तळवा दाबावा.

नंतरचे दिवस

काम झाल्यावर तो भाग गार पाण्याने धुऊन स्वच्छ मऊ कापडाने टिपावा आणि सुवास नसलेले ॲलोव्हेरा जेल किंवा साधे मॉइश्चरायझर पातळ लावावे. फार आग होत असेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ मिनिटभर ठेवावा. पुढचे 24 तास गरम पाण्याची अंघोळ, पोहण्याचा तलाव, घाम काढणारा व्यायाम, कडक ऊन आणि घट्ट सिंथेटिक कपडे टाळावेत. काखेत डिओडरंट लावू नये.

दोन-तीन दिवसांनी आठवड्यातून दोनदा हलके घासणे पुन्हा सुरू करावे आणि रोज अंघोळीनंतर मॉइश्चरायझर लावावे. नवा उगवणारा बारीक केस कोरड्या, जाड त्वचेला भेदू शकला नाही तर आतच वळतो आणि त्या जागी लाल, दुखरा फोड येतो. कुरळ्या केसांच्या व्यक्तींना हा त्रास अधिक होतो. युरिया, लॅक्टिक ॲसिड किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेली सौम्य लोशन्स याला आळा घालतात, पण ती केस काढलेल्याच दिवशी लावू नयेत. अडकलेला केस सुईने किंवा नखाने उकरून काढण्याचा मोह आवरावा. सावळ्या आणि गडद त्वचेवर अशा प्रत्येक उकरण्याचा, प्रत्येक फोडाचा काळपट डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. दिवसातून दोन-तीन वेळा कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाचा शेक द्यावा, केस आपणहून वर आला की त्याचे टोक मोकळे करावे आणि तो फोड बरा होईपर्यंत त्या जागेवर एपिलेटर फिरवू नये. फोडांत पू दिसू लागला, लाली पसरू लागली किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवावे.

यंत्राची स्वच्छता

हे काम दर वेळी, न चुकता, वापर संपल्याबरोबर करावे. यंत्र बंद करून हेड काढावे आणि सोबतच्या लहान ब्रशने चिमट्यांमधले केस झटकावेत. ब्रश फिरवताना हेड हाताने हळूहळू गोल फिरवले की आतले केस सुटतात. हेड धुता येण्याजोगे असेल तर वाहत्या पाण्याखाली धरून झटकावे आणि पूर्ण सुकू द्यावे. ओलसर हेड बंद पिशवीत ठेवू नये. पुढच्या वापरापूर्वी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने चिमटे पुसावेत आणि ते वाळल्यावरच यंत्र त्वचेवर टेकवावे. चिमट्यांवर अनेकदा न दिसणारे रक्ताचे अंश असतात, म्हणून एपिलेटर आई-मुलींनी किंवा बहिणींनीही एकमेकींत वाटून घेऊ नये. चिमटा वाकला असेल, हेडचे प्लास्टिक तडकले असेल किंवा बॅटरी पूर्ण भरलेली असतानाही गाठ नसलेले तुटके केसच अधिक निघू लागले असतील, तर नवे हेड बसवावे. त्या यंत्राचे हेड स्वतंत्र मिळते की नाही, याची चौकशी यंत्र घेतानाच करून ठेवलेली बरी.